उतरल्यानंतरचा बेत

बोटीवर चढायला अक्कल लागत नाही, असं मोजणीसाहेबांचं ठाम मत होतं. पैसे भरावेत, ओळखपत्र दाखवावं, बॅगा त्यांच्या हवाली कराव्यात. पुढचे सात दिवस बोटवाले माणसाला खाऊ घालून घालून समुद्रभर फिरवतात आणि जिथून उचलला तिथेच आणून ठेवतात. यात प्रवाशाचं कर्तृत्व ते कसलं? खरा प्रवास सुरू होतो उतरल्यावर. चिवितावेक्कियाच्या धक्क्यावर दोन हातांत दोन बॅगा, मागे बोट आणि पुढे इटलीची रेल्वे, अशा अवस्थेत माणूस उभा राहतो तेव्हा त्याची परीक्षा असते. बोट एप्रिलात होती. परीक्षेचा अभ्यास साहेबांनी जानेवारीत सुरू केला.

साहेबांचं नाव रेमीज्यो पेर्नाझा. पण अमेलिया गावात त्यांना नावाने हाक मारणारी दोनच माणसं होती, बायको ओर्नेला आणि आई झेलिंदा. बाकीचं गाव त्यांना मोजणीसाहेब म्हणे, कारण अख्खी नोकरी त्यांनी भूमापन कचेरीत लोकांच्या ऑलिव्हच्या बागांच्या हद्दी मोजण्यात घालवली होती. शेजाऱ्याचं झाड वीतभर आपल्या हद्दीत आलंय का, हे बघायला त्यांना बोलवत. ते येत, मोजत, आणि दोन्ही शेजाऱ्यांशी भांडून परत जात.

नुसतं फिरून यायचं असतं तर उतरल्यावर पोचायला एक दिवस उशीर झाला काय किंवा दोन झाले काय, कोणाचं अडणार होतं? पण घाईला कारण होतं, आणि ते कारण घरी खिडकीशी खुर्चीत बसलेलं होतं. झेलिंदा नव्वदीला टेकल्या होत्या. जीभ तरतरीत, गुडघे गेलेले. स्मरणशक्तीचं म्हणाल तर आपल्या लग्नात कोणी किती वाढून घेतलं हे पाठ, पण गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही. हिवाळ्यात एकदा कॉफीची रिकामी किटली शेगडीवर चढवून त्या रस्ता बघत बसल्या, आणि धूर पाहून शेजारची फाउस्ता चपलांशिवाय धावत आली. तेव्हापासून त्यांना तासभरसुद्धा एकटं ठेवायचं नाही, असं ठरलं. त्यांना सांभाळायला मोल्दोवाची ल्युबा होती. नेमकं त्याच आठवड्यात ल्युबाच्या मुलीचं तिकडे गावी लग्न निघालं. तिकडे जाणारी छोटी बस आठवड्यातून एकदाच, ओर्तेच्या वाहनतळावरून संध्याकाळी सुटते. ती चुकली की लग्न चुकलं. आणि ती सुटणार होती नेमकी बोट परत यायच्या दिवशी.

"तू निश्चिंत राहा," साहेबांनी ल्युबाला शब्द दिला. "दुपारी तीनच्या आत आम्ही घरात. तू पाचला निघ."

"नाहीतर फाउस्ताबाई बसतील ना आईंजवळ. त्या स्वतःहून म्हणाल्यात."

"फाउस्ताबाईंची गरज पडणार नाही. मी बेत आखलाय. त्यांना तसं सांगून टाक."

ल्युबाने मान डोलावली. त्या घरात तिने साहेबांचे बरेच बेत पाहिले होते.

आता बेत म्हणजे काय, ते सांगायला हवं. अमेलिया डोंगरावर आहे आणि रेल्वे खाली आहे. पूर्वी चिवितावेक्कियाहून थेट ओर्तेपर्यंत गाडी होती. साहेबांच्या लहानपणी दरड कोसळली आणि ती बंद पडली. तेव्हापासून दर निवडणुकीला ती सुरू होते आणि मतमोजणी झाली की पुन्हा बंद पडते. म्हणून आता उलटा घास घ्यावा लागतो. आधी खाली रोमला जायचं, तिथे गाडी बदलायची, पुन्हा वर ओर्तेला यायचं आणि तिथून डोंगर चढणारी बस धरायची. मोटार होती, पण साहेबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे डॉक्टरांनी चालवायला मनाई केली होती. ओर्नेला मोटार शिकली नव्हती, कारण तिला शिकवायला शेजारी साहेबच बसले होते.

रोमला गाडी नेमकी कुठे बदलावी, हा प्रश्न साहेबांनी नाझारेनोच्या कॉफीच्या बारमध्ये काढला. ही पहिली चूक. आमच्या गावात कोणाला आपलं पोट दुखतंय असं सांगितलं तर लोक डॉक्टरचं नाव सुचवून थांबतात. रेल्वेचं विचारलं तर कोणी थांबत नाही.

"ओस्तिएन्से," नाझारेनो यंत्राची मूठ आपटत म्हणाला. "डोळे मिटून ओस्तिएन्से."

"तेर्मिनी," फाउस्ता म्हणाली. "मोठं स्टेशन आहे. चुकलात तरी चारचौघांत चुकाल."

"तेर्मिनीत माझ्या मेव्हण्याचं पाकीट मारलं."

"तुझ्या मेव्हण्याचं पाकीट चर्चमध्येसुद्धा मारलं होतं, नाझारेनो. त्याला तेर्मिनी काय करणार?"

"मी त्रास्तेवेरेचा विचार करतोय," साहेब म्हणाले. "तिथे ओर्तेची गाडी आधी येते. म्हणजे बसायला जागा."

"त्रास्तेवेरेला जिने आहेत," सगळे एकदम म्हणाले.

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले फादर उबाल्दो म्हणाले, "मी तर सान पिएत्रोला उतरेन."

"फादर, तिथून ओर्तेची गाडीच नाही."

"नाही, पण फलाटावरून पोपच्या चर्चचा घुमट दिसतो."

असं ते दोन महिने चाललं. साहेब कॉफी प्यायला जात आणि नवीन स्टेशन घेऊन घरी येत. ओर्नेलाने एकदाच विचारलं की आपण जातोय कुठे, समुद्रावर की रोमच्या स्टेशनांवर? त्यावर साहेबांनी तिला समजावलं की समुद्राची व्यवस्था कंपनीने केलेली आहे.

शेवटी बेत पक्का झाला त्या दिवशी साहेबांनी तो बारमध्ये मोठ्याने वाचून दाखवला. फाउस्ता कप खाली ठेवत म्हणाली, "तारीख कुठली म्हणालात?"

"अठ्ठावीस एप्रिल."

फाउस्ताने नाझारेनोकडे पाहिलं. नाझारेनोने फादरांकडे पाहिलं. "अठ्ठावीसला, चिवितावेक्कियात? अहो मोजणीसाहेब, त्या दिवशी तर तिथे..."

"संप," साहेब हात वर करून म्हणाले. "विचार केलेला आहे. संप शुक्रवारी येतात, अठ्ठावीसला शुक्रवार नाही. आलाच तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाड्या सोडाव्याच लागतात, असा कायदा आहे. आणि बहुतेक वेळा आदल्या दिवशी संप मागे घेतात, पण तोवर लोकांनी रजा टाकलेल्या असतात म्हणून गाड्या रिकाम्या धावतात. पंचवीसची सुट्टी, एक मेची सुट्टी, मधल्या दांड्या, सगळं धरलेलं आहे. तुम्हाला आणखी काही सुचतंय?"

"नाही बाई," फाउस्ता म्हणाली. "तुम्ही विचार केलाय म्हटल्यावर झालंच."

बोटीवरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ओर्नेलाने मार्सेय पाहिलं, बार्सिलोना पाहिलं, ट्युनिसच्या बाजारात सासूसाठी मोठी पितळी परात घेतली. साहेबांनीही ते सगळं पाहिलं, पण उतरण्याच्या दृष्टीने. प्रत्येक बंदरात ते लोक कुठल्या दारातून बाहेर पडतात, बस कुठे उभी असते, गर्दी कुठे तुंबते याचा अभ्यास करत. ओर्नेला म्हणे, हे बघ किल्ला. ते म्हणत, हो, पण याच्या पायऱ्यांवर रांग कशी वाकडी झालीय बघ.

आदल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर केबिनच्या दारात रंगीत पट्ट्या आल्या. त्या बॅगांना बांधायच्या, आणि सकाळी ज्या रंगाची हाक येईल त्या क्रमाने उतरायचं. साहेबांना जांभळा रंग आला होता. जांभळा म्हणजे पहिली हाक. साहेबांना भरून आलं. आयुष्यभर रांगेत उभं राहिलेल्या माणसालाच असा आनंद कळतो. ते वर डेकवर गेले, ल्युबाला फोन लावून "पहिले उतरणार आहोत" असं सांगितलं आणि परत आले, तर दोन्ही बॅगांना लिंबासारख्या पिवळ्या पट्ट्या लटकत होत्या.

"जांभळ्या कुठे गेल्या?"

"दिल्या," ओर्नेला म्हणाली. "समोरच्या म्युनिकच्या जोडप्याला. त्यांना चालतो तो रंग."

"ओर्नेला, जांभळा पहिला होता."

"जांभळा अपशकुनी असतो. नाटकातला नटसुद्धा अंगावर घालत नाही. घरी तुझी म्हातारी आई, ल्युबा जायच्या वाटेवर, आणि मी बॅगेला जांभळं बांधून निघू? माझ्या आजीने मामाचा नवाकोरा जांभळा स्वेटर चुलीत घातला होता."

"आणि पिवळा कितवा आहे?"

"शेवटचा. पण सुखरूप पोचू."

साहेब मोजणीचा माणूस. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि सांगताना, लोखंडाने अपशकुन टळतो म्हणून, खिशातल्या लोखंडी किल्लीला बोट लावून ठेवलं. म्युनिकच्या जोडप्याकडे जाऊन पट्ट्या परत मागाव्यात का, यावर त्यांनी बराच विचार केला. पण मागताना कारण काय सांगणार? आपल्या बायकोने तुम्हाला अपशकुन दिलाय, असं कोणत्या भाषेत सांगतात?

सकाळी वारा सुटला. साधासुधा नाही, नैर्ऋत्येकडून, पाण्याच्या भिंती उचलणारा. बोट बंदराच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. कप्तानाने पाच भाषांत सांगितलं की वारा पडेपर्यंत आत शिरता येणार नाही, आणि पाचही भाषांत त्याचा आवाज आनंदी होता. साहेब कठड्याशी उभे राहून समोरचं गाव बघत होते. स्टेशन दिसत होतं. एक गाडी निघालेली दिसली. ती त्यांची होती.

त्यांनी घरी फोन लावला. ल्युबाने उचलला.

"आई कशी आहे?"

"छान आहेत. त्यांचे केस करतेय."

"केस? आज? कशासाठी?"

"चांगलं दिसावं म्हणून. तुम्ही काळजी करू नका, साहेब."

"ल्युबा, ऐक. बोट बाहेर अडकलीय. आम्हाला उशीर होणार. तू जायच्या आधी फाउस्ताबाईंना..."

वाऱ्याने फोन तोडला. पुन्हा लावला तर लागेना. नंतर लागला, पण कोणी उचलेना. घंटा वाजत राहिली. साहेबांना ती घंटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाजताना दिसत होती, आणि टेबलापासून दोन हातांवर शेगडी दिसत होती, आणि शेगडीवर किटली. त्यांनी फोन खिशात ठेवला, काढला, पुन्हा लावला. फाउस्ताला नको म्हणून कोणी सांगितलं? आपणच. का सांगितलं? तर बेत पक्का आहे हे गावाला दिसावं म्हणून. हे कारण समुद्राच्या मधोमध फार लाजिरवाणं वाटायला लागलं.

"ओर्नेला, ती फोन उचलत नाहीये."

"आंघोळीला गेली असेल."

"दोघी?"

ओर्नेलाने बॅगेवरची पिवळी पट्टी सरळ केली.

दुपारची जेवणं उरकल्यावर कधीतरी वारा पडला आणि बोट धक्क्याला लागली. जांभळ्याची हाक आली. म्युनिकचं जोडपं हात हलवत, हसत उतरलं. मग हिरवा, निळा, नारिंगी, तपकिरी, आणि तपकिरीहून किंचित फिका असा एक रंग. पिवळा शेवटी. तोवर साहेबांनी घरी इतक्या वेळा फोन लावला होता की अंगठा दुखत होता. फाउस्ताचा नंबर तेवढा त्यांनी लावला नव्हता. तो लावायचा म्हणजे आपला बेत फसला असं गावाला कळवायचं. माणसाचा मान किती चिवट असतो, बघा. आईच्या जिवाचा घोर लागलेला असतानासुद्धा तो कोपऱ्यात फुगून बसलेला असतो.

धक्क्यावर स्टेशनकडे सोडणारी बस उभी होती. साहेब पहिल्या सीटवर बसले, परात मांडीवर. बस निघाली, दोन वळणं घेतली आणि थांबली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि खिडकी उघडून सिगारेट पेटवली.

"पुढे?"

"पुढे नाही."

"कधी?"

"ती जाईल तेव्हा."

"ती कोण?"

"फेर्मिना," ड्रायव्हर म्हणाला.

साहेब परातीसकट खाली उतरले. चौकात एक वाहतूक पोलीस बाई पांढरे हातमोजे घालून उभ्या होत्या. त्यांच्या मागे सगळा रस्ता माणसांनी भरलेला, बँड, झेंडे, मेणबत्त्या.

"बाई, हे काय आहे?"

"सांता फेर्मिना. गावाची संत. आज तिचा दिवस."

साहेबांना हसू आलं. सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांना पक्कं ठाऊक असलेली गोष्ट कोणीतरी काढली होती. "फेर्मिना नोव्हेंबरात असते," ते म्हणाले. "मी अमेलियाचा आहे. तिच्या सुट्टीला आमची कचेरी बंद असते. नोव्हेंबर, चोवीस."

"तुमच्याकडे असेल नोव्हेंबरात. इथे आज."

"असं कसं चालेल? तिची हाडं आमच्या चर्चमध्ये आहेत."

"असतील," बाई म्हणाल्या. "पण आमच्याकडे ती जिवंत आली होती. बोटीतून. वादळ थांबवून."

"मग आज सकाळी कुठे होती?"

बाईंनी शिट्टी तोंडात घातली. साहेबांना कळलं की आपण जरा जास्त बोललो.

संतिणीला गावभर फिरवून बंदरावर आणायचं आणि तिथून टगबोटीवर चढवून समुद्र दाखवायचा, अशी तिथली रीत. तोवर रस्ते बंद. स्टेशन पलीकडे, साहेब अलीकडे, आणि मधे फेर्मिना. संप धरला, सुट्ट्या धरल्या, दांड्या धरल्या, आणि आपल्याच संतिणीला धरायचं राहिलं. दर एप्रिलात फादर उबाल्दोंची बस भरून कुठेतरी जाते, एवढं त्यांना ठाऊक होतं. कुठे जाते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. फादरांच्या सहली या विषयावर त्यांचं मत बनलेलं होतं, आणि मत बनलं की साहेब चौकशी करत नसत.

"पलीकडे जाऊ," ते ओर्नेलाला म्हणाले. "मधून घुसू."

"मिरवणुकीतून?"

"आई घरी एकटी आहे, ओर्नेला."

ते घुसले. चार पावलं गेले आणि मोठ्या बॅगेचं चाक बँडवाल्याच्या पायात आलं. बँडवाला तुतारी फुंकतच वाकला, त्यामुळे सुराला एक वेगळंच वळण मिळालं. चाक निखळलं आणि घरंगळत पुढे गेलं. ते आणायला साहेब वाकले, मागून लोंढा आला, आणि वर उठतात तर आजूबाजूला चारी बाजूंनी लोक, आणि सगळे चालत होते. उलट दिशेला. स्टेशनकडून बोटीकडे. कोणीतरी एका हातात मेणबत्ती दिली. दुसऱ्या हातात परात होती; बॅगा गर्दीच लोटत पुढे नेत होती. पितळेवर मेणबत्तीचा उजेड पडून ती इतकी झळकायला लागली की बाजूच्या दोन म्हाताऱ्यांनी साहेबांना वाट करून दिली. त्यांना वाटलं हा कोणीतरी मानकरी आहे.

"ओर्नेला, आपण परत बोटीकडे चाललोय."

"गप्प राहा," ओर्नेला म्हणाली. ती मेणबत्ती धरून मनापासून प्रार्थना करत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा साहेबांना समजलं की तीही सकाळपासून किटलीच बघत होती, फक्त बोलत नव्हती.

त्यांनी मेणबत्ती तिच्या हातात दिली आणि फाउस्ताचा नंबर लावला. गेला मान तेल लावत. घंटा वाजली. आणि मिरवणुकीत, दोन रांगा पुढे, कोणाचा तरी फोन वाजला.

"हॅलो? कोण, मोजणीसाहेब? मोठ्याने बोला, इथे बँड वाजतोय."

बँड साहेबांना एका कानाने फोनमधून आणि दुसऱ्या कानाने थेट ऐकू येत होता. त्यांचं डोकं त्या क्षणी इतकं शिणलेलं होतं की त्याचा अर्थ त्यांना लागला नाही. "फाउस्ताबाई, तुम्ही कुठे असाल तिथून आधी आमच्या घरी जा. पाया पडतो तुमच्या. ल्युबा गेली असेल. आई एकटी आहे. फोन उचलत नाहीये."

"एकटी? अहो, झेलिंदा माझ्या शेजारी आहे."

दोन रांगा पुढे फाउस्ता फोन कानाला धरून मागे वळली. तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत झेलिंदा बसल्या होत्या. निळा ठेवणीतला कोट, केसांच्या नीट लाटा काढलेल्या, हातात मेणबत्ती. साहेबांनी माणसं बाजूला सारली. कोणाच्या पायावर पाय पडला, कोणी काय म्हणालं, त्यांना कळलं नाही. ते बॅग ओढत आईसमोर गेले आणि बॅगेवरच बसले.

आईने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "उशीर केलास," त्या म्हणाल्या.

"आई, तू इथे काय करतेस?"

"तुला न्यायला आले."

"मला? मी रेल्वेने येणार होतो. सगळं ठरलेलं होतं."

"म्हणूनच," आई म्हणाल्या.

साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दिवसभराची भीती एकदम सैल झाली आणि तिला आवरायचं कसं ते त्यांना सुचेना. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याला वारा लागतो, असं त्यांनी फाउस्ताला सांगितलं. फाउस्ताने रुमाल दिला. तेवढ्यात फेर्मिना टगबोटीवर चढली आणि बंदरातल्या सगळ्या बोटींनी एकदम भोंगे वाजवले, त्यामुळे पुढे काही वेळ कोणाला काही बोलता आलं नाही.

हळूहळू सगळं कळलं. सकाळी फोन आल्यावर ल्युबाने झेलिंदांचे केस पूर्ण केले आणि दोघी फादरांच्या बसमध्ये बसल्या. बसने वाटेत ल्युबाला तिच्या पेटीसकट ओर्तेच्या वाहनतळावर सोडलं. तिथे वाट बघत बसायला जागा होती, बरोबर डबा होता, ती वेळेच्या कितीतरी आधी पोचली होती. झेलिंदांना घेऊन बस पुढे आली. "आणि काय सांगू," फाउस्ता म्हणाली, "समुद्र दिसेपर्यंत ही बाई गात होती. वळणावळणावर ड्रायव्हरला म्हणते, मरतुकड्या, जोरात चालव. मी पोट धरून बसले होते."

बस धक्क्याच्या मागे उभी होती. आत अर्धं अमेलिया बसलेलं. नाझारेनो बार बंद करून आलेला. फादर उबाल्दो दारात उभे राहून माणसं मोजत होते. "तुमच्या दोन जागा मधल्या आहेत," ते साहेबांना म्हणाले. "झेलिंदाबाईंनी जानेवारीतच राखून ठेवल्यात. तुम्ही बारमध्ये त्रास्तेवेरे की ओस्तिएन्से करत होतात, त्याच आठवड्यात."

साहेबांचा पाय पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"जानेवारीत?"

"पहिल्या आठवड्यात."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मला कोणी सांगितलं नाही."

बसमधले लोक खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती.

"मी सांगत होते," फाउस्ता म्हणाली. "तुम्ही संपाचं सांगितलंत."

"आणि आई?"

"तुमच्या आईने सांगू नका म्हटलं होतं," फादर हळू आवाजात म्हणाले. "म्हणाल्या, त्याने एवढी मेहनत घेतलीय, होऊ द्या त्याच्या मनासारखं. जमलं तर घरी भेटू. नाही जमलं तर जागा आहेत."

साहेबांनी परात ओर्नेलाकडे दिली आणि बॅग उचलली. एक चाक नसल्यामुळे ती तिरकी उभी होती. "आता रस्ता मोकळा झालाय," ते म्हणाले. "संध्याकाळची गाडी मिळेल. तिकिटं काढलेली आहेत. तुम्ही व्हा पुढे. मी ठरल्याप्रमाणे येतो."

ओर्नेला काही न बोलता बसमध्ये चढली. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नसतं, हे तिला कळलं होतं. साहेब रस्त्यावर तसेच उभे राहिले. त्यांना जायचं नव्हतं. पाय दुखत होते, सकाळपासून पोटात धड काही नव्हतं, आणि रोमला गाडी बदलायचा विचारसुद्धा नकोसा वाटत होता. पण चढायचं कसं? सबंध गाव बघत होतं, आणि गावाने हे चार महिन्यांपूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. दार उघडंच ठेवलं.

"रेमीज्यो," आतून आईची हाक आली.

"काय?"

"येताना मला वळणांवर फार भीती वाटली."

फाउस्ताने तोंड उघडलं. झेलिंदांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि फाउस्ताने ते मिटलं. नाझारेनोने चपला बघितल्या. फादर उबाल्दोंनी, ज्यांना खोटं ऐकलं की खोकला येतो, तेवढा खोकला गिळला.

"पुढे काय येतंय ते सांगायलाच कोणी नव्हतं," आई म्हणाल्या. "या फाउस्ताला डावं कळत नाही न् उजवं. तू बस माझ्याजवळ. तुला रस्ता ठाऊक आहे."

साहेबांनी बॅग ड्रायव्हरकडे दिली आणि वर चढले. मधल्या सीटवर आईच्या शेजारी बसून त्यांनी तिचा पट्टा लावला, कोटाचं वरचं बटण लावलं आणि तिचा हात हातात घेतला. हात गार होता आणि अजिबात थरथरत नव्हता.

बस गावाबाहेर पडली आणि चढाला लागली.

"आता डावीकडे," साहेब म्हणाले. "फार नाही. मग जरा सरळ आहे."

आईने डोळे मिटून मान हलवली आणि त्यांचा हात घट्ट धरला. घरापर्यंत ते तिला एकेक वळण सांगत आले.